मेसेजवाला इंडिपेंडंट रॅप खरा आणि कमर्शियल हिप-हॉप म्हणजे विकलं जाणं, असं असतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: धाकटा भाऊ परभणीत मराठी रॅप लिहितो, आणि एका म्युझिक कंपनीने त्याला कराराचा मसुदा पाठवलाय. मित्र म्हणतात, "सही केलीस की विकला गेलास, मेसेजवाला रॅप इंडिपेंडंटच असतो." घरचे म्हणतात, पैसे मिळताहेत तर घे. यात बरोबर कोण, ते तुम्हाला कळत नाहीये.

मी कळव्यात छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ चालवतो. येणारी मुलं बहुतेक रॅपवालीच: दिवा, मुंब्रा, उल्हासनगर, विक्रोळी, अधूनमधून नाशिककडचीही. हा वाद माझ्या कानावर सतत पडतो आणि माझं मत पक्कं झालंय. भावाचे मित्र दोन वेगळे प्रश्न एकातच कालवताहेत. गाण्यात काय म्हटलंय हा एक प्रश्न. ते गाणं कुणाच्या मालकीचं आहे हा दुसरा. एकाचं उत्तर मिळालं म्हणून दुसऱ्याचं मिळत नाही. पूर्णपणे इंडिपेंडंट असून गाण्यात फक्त गाडी, चेन आणि पोरी असलेले रॅपर ढिगाने आहेत. आणि मोठ्या कंपनीच्या शिक्क्याखाली रस्त्यावरच्या मोर्चात गायली गेलेली गाणीही आहेत.

ज्या गाण्यापासून 'मेसेज रॅप' सुरू झाला असं मानतात ते 'द मेसेज'च घ्या. १९८२ मध्ये ते न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्ह या ग्रुपच्या नावावर आलं. काढलं शुगर हिल रेकॉर्ड्सने, म्हणजे १९७९ मध्ये 'रॅपर्स डिलाइट' हे पार्टीचं गाणं विकून मोठी झालेल्या कंपनीने. ग्रुपला ते करायचंच नव्हतं. लोक नाचायला येतात, त्यांना वस्तीतलं दुःख कशाला ऐकवायचं, असं त्यांना वाटत होतं. कंपनीच्या मालकीण सिल्व्हिया रॉबिन्सन यांनी हट्ट धरला. रेकॉर्डवर प्रत्यक्ष आवाज आले ते मेली मेल आणि कंपनीचा स्टुडिओ वादक ड्यूक बूटी यांचे. म्हणजे संदेशाचं आद्य गाणं धंदा करणाऱ्या कंपनीच्या आग्रहातून आलं, कलाकारांची इच्छा नसताना. पुढे अमेरिकन रॅपर केंड्रिक लामारचं 'ऑलराइट' २०१५ मध्ये आलं तेही इंटरस्कोप या बड्या कंपनीमार्फत, आणि तेच गाणं ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांच्या चळवळीच्या मोर्चांमध्ये लोकांच्या तोंडी होतं.

उलट टोकाला रॅपर इमॉर्टल टेक्निक. पेरूत जन्मलेला, हार्लेममध्ये वाढलेला हा माणूस न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उभा राहून स्वतःच्या सीडी विकायचा. कंपन्यांना त्याने जवळ येऊ दिलं नाही, आणि त्याच्या गाण्यांइतकं थेट राजकीय बोलणं मला कुठल्याच मोठ्या लेबलवर सापडलेलं नाही. पण मास्टर पी हा अमेरिकन रॅपर सुद्धा इंडिपेंडंटच. त्याची नो लिमिट ही कंपनी स्वतःची, मास्टर म्हणजे मूळ रेकॉर्डिंगचे हक्क स्वतःकडे, वितरण तेवढं दुसऱ्याकडे. व्यवहार म्हणाल तर कित्ता गिरवावा असा. गाणी मात्र ड्रग्ज आणि पैशांवरची.

आता आपल्याकडे येऊ, कारण तुमच्या भावाचा प्रश्न मराठी मुलखातला आहे.

मुंबईच्या गल्ली रॅपबद्दल बोलताना लोक दोन गाणी एका दमात घेतात. कुर्ल्याच्या नेझीने २०१४ च्या सुरुवातीला 'आफत' केलं. वडिलांनी दिलेल्या आयपॅडवरच रेकॉर्डिंग, त्याच्यावरच व्हिडिओ. त्याहून इंडिपेंडंट काही असूच शकत नाही. दुसरं 'मेरे गली में', २०१५ चं, डिव्हाइन आणि नेझीचं. ते आलं तेव्हा डिव्हाइनचा सोनी म्युझिकशी करार झालेला होता आणि गाणं सोनीनेच काढलं. गल्लीच्या अभिमानाचं ते गाणं जगातल्या तीन सर्वांत मोठ्या म्युझिक कंपन्यांपैकी एकीचं. म्हणून ते खोटं ठरलं का? मला तरी नाही वाटत. जे. बी. नगरच्या त्या गल्लीत शूटिंगला उभी असलेली पोरं खरी होती, गाणं त्यांचंच होतं, आणि कंपनीच्या पैशाने ते देशभर गेलं.

मग मेनस्ट्रीममध्ये गेल्यावर नेमकं काय हरवतं? काहीतरी हरवतं हे नक्की, आणि भावाच्या मित्रांच्या रागाला आधार आहे तो तिथेच. माझं निरीक्षण असं की बाजार गल्ली कापत नाही. गल्ली त्याला हवीच असते. आपल्या रॅपर्सनी पिनकोडचे शेवटचे दोन आकडे मिरवले: कुर्ल्याचा ७०, अंधेरीकडचा ५९, धारावीचा १७. बाजाराला ते फार आवडलं. पत्र्याची घरं, गटारावरची फळी, लोकलच्या दारात लटकणं, भांडी घासणारी आई, हे सगळं छान विकलं जातं. कापलं जातं ते ज्याच्यामुळे हे सगळं असं आहे त्याचं नाव.

मुंबईच्या रॅपर्सवरच्या 'गली बॉय' या हिंदी सिनेमातलं 'आझादी' आठवा. २०१६ मध्ये डब शर्मा या निर्मात्याने दिल्लीच्या जेएनयूमधल्या घोषणांवर बीट (गाण्याखालचं तालसंगीत) चढवून तो ट्रॅक केला होता. त्या घोषणांमध्ये मनुवादासारख्या गोष्टींची थेट नावं होती. २०१९ मध्ये तेच गाणं सिनेमात आलं तेव्हा डिव्हाइनचे नवे शब्द त्यात आले, चाल आणि जोश राहिला, आणि उरल्या त्या भूक, भेदभाव अशा गोष्टी. भुकेच्या विरोधात कोण नाही? सत्तेतलाही आहे, विरोधातलाही आहे, मल्टिप्लेक्समध्ये पॉपकॉर्न खाणारा तर आहेच. गाणं दमदार आहे आणि मी ते आवाज वाढवूनच ऐकतो, पण मूळ गाण्यात ज्याच्याकडे बोट होतं तो माणूस आता आरामात मान डोलावू शकतो.

हे मी माझ्या स्टुडिओत जवळून पाहिलंय. दिव्याचा एक मुलगा पाण्यावर गाणं घेऊन आला. पहिल्या व्हर्समध्ये, म्हणजे कडव्यात, हंड्यांची रांग, रात्री दोनला येणारं पाणी, आईची पाठ. दुसऱ्या व्हर्समध्ये टँकर कुणाचा, व्हॉल्व्ह कोण फिरवतो, कुठल्या इमारतीला दिवसभर पाणी आणि कुठल्या चाळीला नाही, तेही वॉर्ड नंबरसकट. त्याचं पाठांतर इतकं पक्कं की आम्ही दुसरी व्हर्स एका दमात, न तोडता घेतली. 'व्हॉल्व्ह'च्या 'व्ह'ला माइकवर हवा बसत होती तेवढी पुन्हा केली. एका कंपनीला गाणं आवडलं. त्यांचा मेल आला: गाणं घेतो, पहिली व्हर्स आणि हूक (पुन्हा पुन्हा येणारं धृपद) तसेच ठेवा, दुसऱ्या व्हर्समधल्या चार ओळी बदला, वॉर्डचा उल्लेख नको. भाषा अगदी सभ्य. कारण दिलं होतं की गाणं "सगळ्यांना आपलं वाटलं पाहिजे". मुलगा चिडला आणि नाही म्हणाला. त्याने स्वतःच ते यूट्यूबवर टाकलं. भागात चांगलं फिरलं. मग घरी माणसं आली, दमदाटी नाही, नुसतं "पोराला समजवा" म्हणून. त्याच्या वडिलांची वडापावची गाडी रस्त्यावर उभी असते. आठवड्याच्या आत गाणं खाली उतरलं.

म्हणून 'इंडिपेंडंट राहा' हा सल्ला कुणी सहज देतो तेव्हा मला काळजी वाटते. कंपनीने चार ओळी मागितल्या होत्या. एकट्याचं अख्खं गाणं गेलं.

आणि हे फक्त गल्लीतल्या दादापुरतं नाही. एप्रिल २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासेवर राज्यातल्या सत्तांतरावरच्या रॅपसाठी अंबरनाथमध्ये गुन्हा दाखल झाला. खोक्यांचा उल्लेख असलेला तो व्हिडिओ तुम्हीही व्हॉट्सअॅपवर पाहिला असेल. त्याच सुमारास मुंबईच्या उमेश खाडेला 'भोंगळी केली जनता' या रॅपसाठी पोलिसांच्या कारवाईला तोंड द्यावं लागलं. दोघांच्याही मागे कंपनी नव्हती, कंपनीचा वकील नव्हता. विरोधी पक्षांचे नेते बाजूने बोलले, पत्रकारांनी लिहिलं, म्हणून गोष्ट लोकांपर्यंत गेली. परभणीतल्या मुलाच्या बाबतीत दर वेळी तसं होईलच असं नाही.

हे महाराष्ट्राला नवीन नाही. अण्णाभाऊ साठे, अमर शेख, द. ना. गव्हाणकर यांच्या लाल बावटा कलापथकावरही सरकारने बंदी घातली होती. पण त्यांच्या मागे पक्ष होता, गिरणी कामगारांची संघटना होती. पोलीस आले तर सोडवायला जाणारी माणसं होती. ते स्वतंत्र होते, एकटे नव्हते. आजचा 'इंडिपेंडंट' पोरगा बहुतेक वेळा नुसता एकटा असतो, आणि माझ्या मते या सगळ्या वादात सर्वांत कमी बोललं जातं ते याच्यावर.

ज्यांनी हे बरोबर ओळखलं त्यांत मी स्वदेशीचं नाव पहिलं घेईन. मुंबईतला हा बहुभाषिक रॅपर्सचा गट. त्यांचं 'द वारली रिव्होल्ट' २०१९ चं. आरे जंगलातल्या वारली आदिवासींच्या हक्काचं गाणं, आणि त्यात केलटी पाड्याचे प्रकाश भोईर स्वतः आहेत. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला मुंबई उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री मेट्रो कारशेडसाठी आरेत झाडं तोडायला सुरुवात झाली. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने थांबवेपर्यंत दोन हजारांहून अधिक झाडं गेली होती आणि २९ आंदोलकांना अटक झाली होती. हे गाणं त्या लढ्याचा भाग होतं. बाहेरून येऊन आदिवासींवर कणव दाखवणारं ते नव्हतं, ज्याची जमीन त्याचाच आवाज गाण्यात होता. गाणाऱ्यांच्या मागे आंदोलन उभं होतं, आणि आंदोलनाला गाणं मिळालं.

आणि याच स्वदेशीची माणसं 'गली बॉय'मध्येही आहेत. 'इंडिया ९१' ऐका: एमसी तोडफोडची गुजराती, रॅपर महार्यचा आवाज, आणि १००आरबीएच या नावाने गाणाऱ्या अमरावतीच्या सौरभ अभ्यंकरची मराठी. तोडफोड, म्हणजे धर्मेश परमार, २०२२ मध्ये अवघ्या चोविसाव्या वर्षी गेला. गुजरातीत तसं रॅप करणारं दुसरं कुणी मी ऐकलं नाही, आणि त्याची उणीव मला अजून भासते. सौरभ पुढे २०२३ मध्ये एमटीव्हीच्या 'हसल'वर दिसला. टीव्हीचा तो कार्यक्रम पूर्ण कमर्शियल, जाहिरातदारांच्या पैशावर चालणारा. पण विदर्भातल्या पोरांनी आपल्या बोलीला त्या मंचावर टाळ्या पडताना पाहिलं आणि त्यानंतर माझ्याकडे येणाऱ्या मुलांत हिंदीत लिहिण्याचा हट्ट कमी झाला. याचं श्रेय मी टीव्हीलाही देतो.

आपल्याकडे हे असं दोन्हीकडे वावरणं जुनंच आहे. शिंदे घराण्याकडे बघा. प्रल्हाद शिंद्यांनी भीमगीतंही गायली आणि विठ्ठलाची गाणीही. आनंद शिंद्यांचं 'नवीन पोपट हा' लग्नाच्या वरातीत वाजतं, आणि १४ एप्रिलला त्याच गळ्याची भीमगीतं चौकाचौकात वाजतात. वस्तीतल्या कुणी त्यांना 'विकले गेले' म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. कॅसेटचा धंदा करणाऱ्यांनीच ती गाणी खेड्यापाड्यात पोचवली.

एक स्पष्टच सांगतो: 'मेसेज' आहे म्हणून गाणं चांगलं ठरत नाही. माझ्याकडे येणाऱ्या मेसेज रॅपपैकी बरंचसं कच्चं असतं. भ्रष्टाचार वाईट, शेतकरी राजा, माणुसकी हरवली, तरुणांनो जागे व्हा. यमक जुळतं, पण ऐकणाऱ्याला नवीन एकही गोष्ट कळत नाही. असं गाणं कंपनीने घेतलं काय आणि नाही घेतलं काय, कापण्यासारखं त्यात काही नसतंच. भावाला विचारा, गाण्यात परभणीचं असं काय आहे जे पुण्यात बसून लिहिता आलं नसतं? सोयाबीनचा भाव आडतीवर कसा पाडतात, पीकविम्याचा अर्ज कुठे अडकतो, गोदावरी जिल्ह्यातून वाहत असून नळाला पाणी का नाही. तसं काही असेल तर पुढचं वाचा, कारण मग कराराला अर्थ आहे.

मसुद्यात पहिल्यांदा बघायचं ते मास्टर, म्हणजे रेकॉर्डिंगचा हक्क, कायमचा दिला जातोय की काही वर्षांच्या परवान्यावर. आपल्या कॉपीराइट कायद्यात अशी तरतूद आहे की हक्क सोपवताना मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत. म्हणूनच कंपन्यांच्या मसुद्यात 'कायमस्वरूपी' आणि 'संपूर्ण विश्वात' असे शब्द आवर्जून असतात. ते पाहून घाबरू नका, पण ते खोडून मुदत मागायची असते हे भावाला माहीत हवं. अॅडव्हान्स मिळत असेल तर तो बक्षीस नसतो, तो भावाच्या वाट्यातून आधी वसूल होतो. व्हिडिओचा खर्चही त्यात धरलाय का ते पाहा. बहुतेक वेळा धरलेला असतो आणि मग वर्षानुवर्षं हातात काही येत नाही. शब्दांची आणि संगीताची रॉयल्टी वेगळी असते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा त्यातला समान वाटा सही करून सोडता येत नाही. मसुद्यात 'सर्व रॉयल्टी सोडत आहे' असं असलं तरी. त्यासाठी भावाने आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं सदस्यत्व घ्यावं. आणि बीट इंटरनेटवरून लीजवर, म्हणजे पैसे भरून फक्त वापरापुरता, घेतला असेल तर त्याचा परवाना आधी तपासा. साध्या लीजवरचा बीट दुसऱ्या दहा जणांकडेही असतो, आणि असं गाणं कंपनीला एक्सक्लुझिव्ह म्हणून देता येत नाही.

पण मेसेज रॅप करणाऱ्यासाठी माझ्या दृष्टीने खरी दोन कलमं महत्त्वाची. एक, शब्द बदलण्याचा आणि गाणं न काढण्याचा अधिकार. कंपनी गाणं घेते आणि कपाटात ठेवते असं होतं. तेव्हा लिहून घ्या की लेखी संमतीशिवाय एकही शब्द बदलणार नाही, आणि ठरलेल्या महिन्यांत गाणं आलं नाही तर हक्क आपोआप परत.

दुसरं कलम शेवटच्या पानांवर असतं आणि मुलं ते वाचतच नाहीत. त्यात लिहिलेलं असतं की गाण्यातल्या मजकुरावरून कुठलाही दावा किंवा तक्रार झाली तर सगळा खर्च आणि जबाबदारी कलाकाराची. बीट चोरीचा निघाला किंवा ओळी दुसऱ्याच्या निघाल्या तर ही जबाबदारी कलाकाराने घेणं रास्त आहे. पण गाण्यात खरं बोलल्यावरून नोटीस आली तरी एकट्यानेच निस्तरायचं असेल, तर कंपनीसोबत जाण्याचा मुख्य फायदाच गेला. मालकी कंपनीची, जोखीम भावाची. हे कलम फक्त चोरीपुरतं मर्यादित करा, आणि मजकूर त्यांच्या वकिलाने एकदा तपासून मंजूर केला की बचावाचा खर्च त्यांचा, असं लिहून मागा. लहान कंपन्याही कधीकधी मान्य करतात. साफ नाही म्हणाले तर मी सही करू नका म्हणेन, पैसे कितीही असोत. त्या परिस्थितीत गाणं स्वतः काढा, पण एकट्याने नको. ज्यांच्या प्रश्नावर गाणं आहे त्या शेतकरी संघटनेसोबत, वस्तीतल्या मंडळासोबत, जमलं तर गाण्याच्या पहिल्या प्रयोगालाच त्यांना समोर बसवून.

सही होईपर्यंत प्रोजेक्ट फाइल आणि सुटे ट्रॅक भावाने स्वतःकडेच ठेवावेत, वहीतल्या खर्ड्यांचे फोटो काढून स्वतःलाच मेल करावेत म्हणजे तारीख राहते, आणि कंपनीला ऐकायला फक्त एमपीथ्री पाठवावी.